मुरबाडचा सील

लग्न होऊन शहापूरहून मुरबाडला आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मागच्या दारी भांडी घासायला बसले होते. शेजारच्या परसात एक माणूस उकिरडा उकरत होता. अंगात चांगला विलायती गरम कोट, खाली धोतर, पायांत काही नाही. त्याने शेणाच्या ढिगातून हातभर लांबीचं एक हाड ओढून काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि उजेडात धरून बघत उभा राहिला. मग कुंपणावरून मला म्हणाला, "नव्या सूनबाई ना तुम्ही? हे बघा. कोपर किती सुंदर आहे."

मी भांडी तशीच टाकून आत पळाले. सासूबाईंना विचारलं, शेजारी कुणी वेडा राहतो का? सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वेडा नाय गो, डाक्टर हाय तो. आपल्या मुरबाडचं नाव त्यानं विलायतेला नेलंय. फकस्त त्याच्या परसात जाऊ नको."

एका दमात माणसाचा अभिमान आणि त्याची किळस, दोन्ही. डॉक्टर केशव शेट्यांविषयी सगळ्या गावाचं हेच मत होतं, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते फारसं बदललं नाही.

ते औषधपाण्याचे डॉक्टर नव्हते. वडिलांची भाताची वखार, पैसा बरा, मुलगा हुशार, म्हणून मुंबईला शिकून पुढे बेल्जममध्ये गेले आणि प्राण्यांच्या हाडांचे पंडित होऊन आले. त्यातही जिवंत प्राणी नव्हेत. लाखो वर्षांपूर्वी नाहीसे झालेले, जमिनीत दगड होऊन पडलेले प्राणी. त्यातही एकच, सील. बेल्जममध्ये एका बंदराजवळ खणताना सीलची पोत्यांनी हाडं निघाली होती, सगळी सुटी, एकाचं कोपर नि दुसऱ्याची मांडी. ती निवडून कोणतं हाड कोणत्या जातीचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. वडील वारले तेव्हा वखार सांभाळायला परत यावं लागलं. येताना एक भली मोठी ट्रंक घेऊन आले. घरच्यांना वाटलं विलायती कापड असेल. उघडली तर आत प्लास्टरची हाडं, नमुन्यावरून ओतलेली. आणि कापसात गुंडाळलेलं एकच खरं हाड.

ते खरं हाड म्हणजे मुरबाडचा सील.

झालं होतं असं, की त्या सगळ्या ढिगात डॉक्टरांना एक दंडाचं हाड वेगळं वाटलं. इतरांपेक्षा सडपातळ, अंगावरची धार, म्हणजे स्नायू जिथे धरतात ती उभी कड, बेताची. ही नवी जात आहे असं त्यांनी ठरवलं, लिहून छापलं, आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्या गावाचं नाव दिलं. मुरबाडी. पुढचं अर्धं नाव लॅटिनमध्ये होतं, ते गावात कुणाला पाठ झालं नाही, पण मागचं अर्धं पोराटोरांनाही येत असे. शाळेत हेडमास्तरांच्या खुर्चीमागे त्याचं मोठं रंगीत चित्र लावलेलं होतं. काढलं होतं ड्रॉइंग मास्तरांनी. त्यांनी सील तर सोडाच, समुद्रसुद्धा पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्या प्राण्याला मांजराच्या मिशा होत्या आणि डोळे थेट गाभण म्हशीचे. आमचे 'हे' त्याच शाळेत मास्तर. म्हणायचे, इन्स्पेक्टर आला की पहिलं चित्र दाखवतात, मग हजेरी.

ते खरं हाड त्यांच्या बेल्जमच्या गुरूंनी विश्वासाने बरोबर दिलेलं होतं, अभ्यास संपला की परत करायचं म्हणून. डॉक्टर ते रोज सकाळी पूजेच्या वेळी काढून पुसत. त्यांची मोठी बहीण आक्का, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, घर तीच चालवायची. तिची पूजा एका कोनाड्यापुढे, यांची दुसऱ्या. आक्का तोंडाची फटकळ होती. "माझा देव दगडाचा नि त्याचं हाड दगडाचं," म्हणायची, "माझा निदान नैवेद्य तरी मागत नाही. ते हाड रोज जुन्या धोतराचा एक तुकडा खातं."

सील म्हणजे काय, हे डॉक्टर विचारील त्याला समजावून सांगत. न विचारील त्यालाही. "समुद्रातला कुत्रा समज. कुत्र्याचा लांबचा चुलत भाऊ. पाण्यात गेला, त्याच्या पायांची वल्ही झाली." आवाज खणखणीत, हातवारे मोठे, आणि ऐकणाऱ्याचा दंड हातात घेऊन त्यावरच दाखवायची खोड. भाजीवाली असो की तलाठी. नम्रपणा अंगात औषधालाही नव्हता. कुणी म्हटलं, डॉक्टर, तुमच्यासारखा हाडांचा जाणकार तालुक्यात नाही, तर ते चटकन म्हणत, "तालुक्यात? जगाच्या या बाजूला नाही."

लोक मोडलेला हात घेऊन यायचेच. डॉक्टर म्हटल्यावर येणारच. एकदा उंबरमाळीकडचा एक म्हातारा मनगट सुजवून आला. डॉक्टरांनी ते अलगद हातात घेतलं, इकडून तिकडून दाबून बघितलं, आणि खूश होऊन म्हणाले, "वा, मनगट फार चांगलं आहे तुमचं. पण मला बसवता येत नाही. माझा सगळ्यात ताजा पेशंट मरून लाखो वर्षं झाली." म्हातारा आक्काकडे बघून म्हणाला, "मंग तुमी डाक्टर कशाचे?" आक्का म्हणाली, "तेच आमी पन इचारतो." शेवटी तिनेच हळद गरम करून बांधली आणि त्याला हाड बसवणाऱ्याकडे पाठवला.

आता तो उकिरडा. मुरबाडी ही वेगळी जात आहे, याबद्दल बेल्जमच्या गुरूंना खात्री होती, पण तिकडे एकदोघांनी शंका काढलेली. एकाच जातीच्या प्राण्यांतही हाडं कमीजास्त असतात, त्यातलाच हा प्रकार नसेल कशावरून? डॉक्टरांना राग आला. एका जातीत हाडं इतकी बदलत नाहीत, हे मी दाखवून देतो, म्हणाले. दाखवायला पाहिजे होती एका जातीची पुष्कळ हाडं. मुरबाडात सील कुठून मिळणार? गुरं मिळत होती. आपल्याकडची डांगी गुरं, घाटाखालच्या पावसात टिकणारी, काळीपांढरी. म्हणून त्यांनी माळावर पडलेली हाडं वेचून आणली. उकिरड्यात पुरायची, एक पावसाळा जाऊ द्यायचा, दिवाळीनंतर उकरून राखेने घासायची, मग ओटीवर मांडायची. पण माळावरची हाडं मुकी. गाय की बैल, तरणं की म्हातारं, काही कळायला मार्ग नाही. डॉक्टर म्हणाले, जिवंतपणी ओळख झालेली जनावरं पाहिजेत.

त्या ओळखी करून घ्यायला ते म्हशाच्या जत्रेला गेले. पौषातली ती जत्रा, घोंगड्यांचा ढीग आणि मैलभर बैलांच्या रांगा. आमच्या ह्यांना बरोबर नेलं होतं, त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. टोकावड्याचा एक शेतकरी आपला बैल घेऊन उभा होता. डॉक्टरांनी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला, वय विचारलं, खच्ची कधी केला ते विचारलं, आई कोण, बाप कोण, सगळं विचारलं. शेतकऱ्याला वाटलं गिऱ्हाईक जाणतं आहे. तोही रंगात आला. आई घरचीच गाय, बाप गावचा वळू, आमच्याच दारात वाढला. डॉक्टर म्हणाले, "फार छान. आता असं करा, हा मेला की मला कळवा."

शेतकऱ्याला आधी ऐकूच आलं नाही. "काय बोलला तुमी?"

"घाई नाही हो," डॉक्टर म्हणाले. "सावकाश मेला तरी चालेल."

शेतकऱ्याने आसूड उचललेला पाहिला नि आमचे 'हे' डॉक्टरांचा हात धरून पळत सुटले. घोंगड्यांच्या दुकानांमागे जाऊन थांबले, तरी डॉक्टरांना समजेना. "मी तर बैलाची स्तुती केली," म्हणत होते. "एवढं चिडायला काय झालं?" विलायतेत वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या संगतीत राहिल्यावर असंच व्हायचं. भर जत्रेत, मालकासमोर, त्याच्या लेकरासारख्या बैलाचं मरण काढायचं नसतं, हे आक्काने घरी आल्यावर शिव्यांसकट समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी ते परत गेले. त्याच माणसाला शोधून काढलं, जिलबी घेतली, त्याच्या घरच्यांची चौकशी केली, बैलाला गूळ चारला, आणि आदल्या वर्षाबद्दल कान पकडले. सील, मुरबाडी, वल्ही, सगळं त्याला सांगितलं. तो माणूस ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हंजे याचं नाव तुमच्याकडं ऱ्हानार."

"हाडासकट राहील."

"मंग ठीक हाय."

तीन वर्षांनी तो आपण होऊन आला. ओटीच्या खाली उभा राहून म्हणाला, "डाक्टर, तो गेला. येता का?" त्या घरची गाय नि तो वळूही पुढे डॉक्टरांकडेच आले. तो माणूस सांगायला आला तेव्हा मी कुंपणाशी होते. डॉक्टरांनी आधी त्या माणसाला बसवून पाणी दिलं, बैलाबद्दल बराच वेळ बोलले, आणि मगच दोर शोधायला उठले. जत्रेतून पळालेला माणूस आता शिकला होता.

पण मेलेलं जनावर आणायचं, सोलायचं, हाडं सुटी करायची म्हणजे कुणीतरी हवं. पिढ्यान्पिढ्या हे काम गावाने महारवाड्याच्या गळ्यात घातलेलं. डॉक्टर धाकूकडे गेले. धाकू त्यांच्याच वयाचा, अबोल, ताठ मानेचा माणूस. तो म्हणाला, "डाक्टर, आमी ते काम सोडलं. सगल्या वस्तीनं मिलून सोडलं. हाडं तुमची हायत, तर वढा तुमी."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. फक्त कसं करायचं तेवढं एकदा दाखव."

"दाखवनार पन नाय."

डॉक्टर म्हणाले, "हेही बरोबर आहे." आणि परत येऊन स्वतः गाडी जुंपली. त्या दिवसापासून सगळं स्वतः केलं. सोलताना हात कापून घेतले, कोट फुकट घालवला, वासाने दोन दिवस जेवले नाहीत. आळीने त्यांच्याकडचं पाणी बंद केलं, भटजी दारावरून जाईना. आक्काने त्यांची अंघोळ परसातच लावून दिली, कपडे वेगळे केले, तोंडाचा पट्टा चालू ठेवला, पण कुणी भावाला बोललं की पदर खोचून उभी राहायची. "आळीनं पानी बंद केलं तर आमचा चहा वाचला," म्हणायची. धाकू मुलाला शाळेत सोडायला त्याच वाटेने जाई. एकदा कुंपणाशी थांबला, घामाघूम झालेल्या डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "जमतंय का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." "जमल," म्हणाला आणि गेला. पुढे जाता येता तो तिथे थांबायला लागला. आळीतलं कुणी थांबत नव्हतं, एवढं मला लक्षात आहे.

विलायतेतली दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनएक वर्षं झाली होती. बेल्जमचं टपाल बंद. एका थंडीतल्या दुपारी आक्काने कुंपणावरून मला हाक मारली. "बघ गो याला काय झालंय. जेवायला उठत नाही." मी सासूबाईंची नजर चुकवून गेले. ओटीवर दंडाची तीन स्वच्छ हाडं मांडलेली, आणि डॉक्टर त्यांच्यापुढे मांडी घालून बसलेले. मला म्हणाले, "सूनबाई, सांगा. ही किती प्रकारची जनावरं?"

एक आखूड, जाड, अंगावर उंच धार असलेलं. एक लांब, उभट. एक बारीक, नाजूक. मी म्हटलं, तीन. ते रेड्याचं असेल, ते बैलाचं, आणि हे छोटं एखाद्या रानातल्या प्राण्याचं.

"मलाही असंच वाटलं असतं," ते म्हणाले. "बेल्जममध्ये."

मग त्यांनी सांगितलं. आखूड ते टोकावड्याच्या वळूचं. नाजूक ते गाईचं. आणि लांब ते त्या दोघांच्या खच्ची केलेल्या मुलाचं. खच्ची केलेल्या जनावराचं हाड जास्त वाढतं, म्हणून ते लांब. एकाच गोठ्यातलं कुटुंब, आणि हाडं बघावीत तर तीन जातींची. फक्त कोपराकडचा सांधा बघितला तर तिघांचा अगदी सारखा, साच्यातून काढल्यासारखा. "सांधा जातीचा असतो," डॉक्टर म्हणाले. "धार ताकदीची. मी आयुष्यभर धारेकडे बघत बसलो." त्यांनी कापसातून मुरबाडी काढला आणि शेजारी एक जाड, उंच धारेचा प्लास्टरचा नमुना ठेवला. तो त्याच खड्ड्यात सापडलेला, शंभर वर्षांपूर्वीच कुणी नाव दिलेला सील. सांधे दोघांचे हुबेहूब सारखे. मला, हाडातलं काही न कळणाऱ्या बाईला, ते दिसलं. मुरबाडी नावाची जात नव्हतीच. ती त्या दुसऱ्याची मादी होती.

आक्का दारात उभी राहून ऐकत होती. ती भावाला कधी समजुतीच्या सुरात बोलली नव्हती, तेव्हा बोलली. "केशव, गप बस ना. तिकडे बाँब पडतायत. तुझा सील कोण बघायला बसलंय?"

"मी बघतोय," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं. वखार त्यांनी निम्मी बुडवली होती, लग्न केलं नव्हतं, आळी तोडली होती, ते सगळं या एका नावासाठी. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या ओटीवरून एवढ्या मोठ्याने हसण्याचा आवाज आला की आमची गाय दचकून उठली. मी धावले. डॉक्टर ट्रंक पालथी घालून सगळ्या प्लास्टरच्या हाडांमध्ये उभे होते. "सूनबाई, मुरबाडी गेला," म्हणाले. "पण तो एकटा नाही जात. सगळ्यांना घेऊन जातोय." त्यांच्या लक्षात आलं होतं की जी चूक त्यांनी केली तीच त्यांच्या आधी शंभर वर्षं सगळ्यांनी केली होती. कुठे नर वेगळी जात, मादी वेगळी, पोर तिसरंच. नामशेष सीलची ती सबंध यादी परत लावायला पाहिजे होती, सांध्यांवरून, आणि ती कशी लावायची हे जगात त्या घडीला एकाच माणसाला माहीत होतं. तो मुरबाडात होता, आणि नम्र तर मुळीच नव्हता.

लढाईची उरलेली वर्षं त्यांनी त्यातच घालवली. एखादी जात खोटी ठरली की कुंपणावरून ओरडायचे, "सूनबाई, आज आणखी एक गेला." सासूबाई घाबरून विचारायच्या, "कोन गेलं गो?" मी म्हणायचे, "सील." त्या म्हणायच्या, "आजून मरतातच हायत का ते?" अकरा जातींच्या चार झाल्या तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बासुंदी केली. ती खाली लागली होती, तरी आम्ही खाल्ली.

गावाला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. कळणाऱ्या माणसासमोर आधी सिद्ध करीन, मग सांगीन, म्हणाले. शाळेत म्हशीच्या डोळ्यांचा सील तसाच लटकत होता.

लढाई संपल्यावर पुढल्या वर्षी बातमी आली की एक साहेब येतोय. तो जगातल्या सगळ्या नामशेष सीलवर मोठा ग्रंथ लिहीत होता, बोटीने मायदेशी चालला होता, आणि मुंबईला उतरून केवळ मुरबाडी बघायला कल्याणवरून मोटारीने येणार होता. गावाला केवढा आनंद झाला. ज्या आळीने पाणी बंद केलं होतं तिने तोरणं बांधली. हेडमास्तरांनी चित्र खाली उतरवून, हार घालून डॉक्टरांच्या ओटीवरच आणून ठेवलं. अंगण माणसांनी भरलं, टोकावड्याचा तो शेतकरीही आला. धाकू कुंपणाबाहेर उभा होता, त्याला डॉक्टरांनी स्वतः जाऊन हाताला धरून ओटीवर आणून बसवलं. दोनतीन जण उठून गेले. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, जागा झाली."

साहेब उंच, लालबुंद, घामाने निथळणारा, पण हसतमुख होता. तो बोलायचा आणि डॉक्टर तेच मराठीत मोठ्याने गावाला सांगायचे. साहेब म्हणाला, मुरबाडीला माझ्या ग्रंथात सबंध पान दिलंय. गावाने टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, शंका घेणाऱ्यांची तोंडं आता बंद होतील. पुन्हा टाळ्या. मी दाराआड आक्काजवळ होते. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "आता बोलंल गो हा," म्हणाली.

डॉक्टर आत गेले आणि तीन हाडं घेऊन आले. साहेबासमोर ठेवून म्हणाले, ही लावून द्या. साहेबाने उलटसुलट बघितली आणि तीन जागी ठेवली. डॉक्टरांनी गावाकडे वळून सांगितलं, "साहेबांनी तीन जाती केल्या." मग साहेबाला इंग्रजीत आणि आम्हाला मराठीत, एकाच दमात, "बाप, आई आणि मुलगा. सगळे टोकावड्याचे."

साहेब हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. त्याला पुढचं कळलं होतं. त्याने खिशातून भिंग काढलं. डॉक्टरांनी न बोलता मुरबाडी त्याच्या एका हातात दिला आणि दुसरा नमुना दुसऱ्या हातात. साहेब कोपराचे सांधे बघत राहिला. कशाचं काय चाललंय हे गावाला समजत नव्हतं, पण डॉक्टरांचं काहीतरी पणाला लागलंय हे समजत होतं.

मग साहेब हळू आवाजात बराच वेळ बोलला. डॉक्टरांनी मान हलवली आणि आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमचं खरं आहे. पण नाव राहू दे. पुढे एक प्रश्नचिन्ह टाकू. तुमचा एवढा मान आहे, कुणी हरकत घेणार नाही." मग म्हणाले, "मी नको म्हणालो."

एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे आपला सील नाय?"

"आहे. पण तो वेगळा नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता बारीक झाला. "आधी सापडलेला जो आहे, त्याची मादी आहे ती. मी ओळखली नाही. आणि दोघं एक ठरले की आधीचं नाव तेच दोघांचं, असा नियम आहे. मुरबाडचं नाव जाणार."

हेडमास्तर हाराकडे बघत होते. आणि माझ्या सासूबाई, ज्यांनी दहा वर्षांत त्या परसात पाऊल टाकलं नव्हतं, त्या ओटीच्या कडेला बसून मोठ्याने म्हणाल्या, "म्हंजे पोरगी सासरी गेली म्हना. नाव बदलनारच मंग. त्यात मान खाली घालायची काय गोष्ट हाय?"

आधी धाकू हसला. मग सगळं अंगण हसलं, असं हसलं की कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर सासूबाईंकडे बघतच राहिले, आणि मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. त्यांनी साहेबाला समजावून सांगितलं तसा साहेब उठला आणि सासूबाईंसमोर टोपी काढून वाकला. त्या लाजून म्हणाल्या, "बस म्हनावं त्याला." मला हसूही येत होतं आणि भरूनही. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. माहेरची वेणू म्हणून तेव्हापासून मला कुणी हाक मारत नाही, पण ती गेली म्हणून शहापूरने कधी सुतक पाळलं नाही. त्या माणसाचा मला त्या घटकेला जेवढा अभिमान वाटला, तेवढा मुरबाडी खरा ठरला असता तरी वाटला नसता. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने खोडायचं, आणि खोडताना सगळ्या जगाची यादी सुधारून द्यायची, हे माझ्यासमोर झालं.

हेडमास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं, चित्र काढून टाकायचं का? डॉक्टर म्हणाले, "का? माहेरी मुलीचं चित्र असू नये का? फक्त ते डोळे बदला."

साहेब ते हाड बेल्जमच्या संग्रहालयात पोचवणार होता, त्याच्या खऱ्या खणात. डॉक्टरांनी ते कापसात ठेवून डबा बंद करायला घेतला, तेव्हा आक्का आतून खण, नारळ आणि सुपात तांदूळ घेऊन आली. ती विधवा, तिने सूप माझ्या हातात दिलं. "भर गो ओटी," म्हणाली. "रिकामी कशी पाठवायची?" मी डॉक्टरांकडे बघितलं. असल्या गोष्टींवर ते नेहमी तोंड सोडत. आज त्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे धरला. मी हाडाला कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला. हाडाची ओटी भरलेली बाई माझ्याशिवाय दुसरी कुणी नसावी. साहेब हे सगळं हात जोडून बघत होता.

"पाठराखीन कोन जानार?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच," डॉक्टर म्हणाले आणि त्याच पावली साहेबाच्या मोटारीत चढले.

नव्या यादीवर दोघांचं काम एवढं रंगलं की साहेबाने मुंबईत आपली बोट चुकवली आणि डॉक्टर दोन महिने तिकडेच राहिले. तेवढ्यात ह्यांची शहापूरच्या शाळेत बदली झाली, आमची चुकामूक झाली ती कायमची. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मोटारीतच. अंगावर डागांचा कोट, मांडीवर डबा, नारळ घरंगळू नये म्हणून त्यावर एक हात. पोरं मोटारीमागे धावत होती. आक्का दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मोटार कल्याणच्या रस्त्याला वळायच्या आधी डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "रडू नकोस आक्का, घर चांगलं मिळालंय तिला."